सेट म्हणजे बसवणे

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंची मुलगी यंदा दहावीला आहे, मराठी माध्यमात, संध्याकाळी आमच्या सहकारनगरच्या घरी इंग्रजी वाचायला येते. परवा वही पुढे करून म्हणाली, काका, या सेटचे अर्थ पाठ तरी किती करायचे? सूर्य सेट होतो, अलार्म सेट करतात, जेली सेट होते, गणितात संच म्हणजे पण सेट, आणि भूतकाळातही परत सेटच!

तिचं खरं होतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाची १९८९ची आवृत्ती २० खंडांची, तिच्यात या एका क्रियापदाचे चारशेच्या वर अर्थ आहेत, सगळ्यात लांब नोंद हीच (नंतर 'रन'ने मागे टाकलं). मुलांना हे अर्थ यादी करून घोकायला लावतात ना, त्याचा मला मनापासून राग येतो, कारण किल्ली आपल्या मराठीतच आहे. सिट म्हणजे बसणे आणि सेट म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीत सिट्टन आणि सेट्टन अशी जोडीच होती, आपण 'बस'ला 'व' लावतो तसं त्यांनी आतला स्वर बदलला.

मग बघा, डॉक्टर हाड सेट करतात, आपण हाड बसवणंच म्हणतो. लक्ष्मी रोडला सोनार अंगठीत खडा बसवतो, तेही सेटच. घड्याळाचा काटा सहावर बसवला की अलार्म सेट, हलणारी जेली जागेवर बसली की सेट, आणि सूर्य दिवसभर चालून खाली जाऊन बसतो, हे तर मला फारच आवडतं. सगळीकडे जुळत नाही हं, पुरुषोत्तम करंडक स्पर्धेला कॉलेजची पोरं एकांकिका बसवतात तिथे इंग्रजीत सेट चालणार नाही.

आणि संचवाला सेट मुळात वेगळाच, तो लॅटिन 'सेक्टा'वरून जुन्या फ्रेंचमार्गे आला, म्हणजे अनुयायांचा गट, पुढे दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून गेले. म्हणून तो बसवणे मध्ये ओढूनताणून बसवायचा नाही असं तिला सांगितलं.

मग अजून एक जोडी दाखवली, फॉल म्हणजे पडणे आणि फेल (fell, नापासवालं नव्हे) म्हणजे झाड पाडणे. ती थोडा वेळ गप्प, वही मिटून चप्पल घालायला गेली आणि दारातून म्हणाली, काका, राइज म्हणजे उठणे, मग रेझ म्हणजे उठवणे का?