वॉकर म्हणजे चालणारा नव्हे

फोंड्याच्या एका माध्यमिक शाळेत मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. आडनावांचा विषय निघाला की स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, बेकर म्हणजे आपला पदेर, अशी ओळख मी मुलांना करून देत असे. आणि कोणी वॉकरचा अर्थ विचारलाच, तर पायी निरोप पोचवणाऱ्या माणसाचे ते नाव असावे, असे सांगून पुढे जात असे. ते उत्तर चुकीचे होते. निवृत्तीनंतर पणजीला पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात इंग्रजी आडनावांचे कोश चाळताना ते माझ्या ध्यानात आले. त्या मुलांपैकी काहींच्या तरी वाचनात ही दुरुस्ती यावी, म्हणून हे लिहीत आहे.

वॉकर हे मागावरून उतरलेले लोकरीचे कापड तुडवणाऱ्या कारागिराचे नाव आहे. ज्या जुन्या इंग्रजी क्रियापदापासून ते आले, त्याचा मूळ अर्थ लोळवणे, उलथापालथ करणे असा होता, आणि पायी चालणे हा आज रूढ असलेला अर्थ त्याला बराच नंतर चिकटला. कारागीर कापडावर चालत असे म्हणून तो वॉकर, असेही सांगितले जाते. ते ऐकायला पटते, पण चालण्याचा अर्थ त्या शब्दाला येण्यापूर्वीच धंद्याचे नाव रूढ झाले होते.

हे काम नेमके काय होते, हे कळल्याशिवाय त्या नावाचे मोल कळत नाही. पावसाळ्यात डोक्यावरून कांबळे घेऊन शेतात वावरणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना दाट लोकर पाणी किती वेळ थोपवते हे सांगावे लागणार नाही. परंतु नुसते विणलेले लोकरीचे कापड तसे नसते. ते विरळ आणि ओशट असते. इंग्लंडातले कारागीर ते कुंडात घालून त्यावर शिळे मूत्र ओतत, कारण मूत्र शिळे झाले की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी सोडवतो. त्याच्या जोडीला तेल शोषून घेणारी एक माती वापरीत. तिचे इंग्रजी नाव 'फुलर्स अर्थ', आणि तीच आपल्याकडची मुलतानी माती. चेहऱ्याला लावायचा लेप म्हणून जी आपल्या घरी असते, तिच्या इंग्रजी नावात एका धंद्याचे नाव आहे, हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते. कापड तासन् तास तुडवले की लोकरीच्या तंतूंवरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात, कापड आटते आणि घट्ट होते. मग ते धुऊन, लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवीत.

या एकाच धंद्याला इंग्लंडात तीन नावे होती, आणि तिन्ही आडनावे झाली. उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे वॉकर, आग्नेयेकडे फुलर, आणि नैऋत्येकडच्या डेव्हन-कॉर्नवॉल भागात टकर. फुलरचे मूळ लॅटिन 'फुल्लो' या शब्दाशी पोचते, तर टकर ज्या जुन्या क्रियापदापासून आले त्याचा अर्थ छळणे असा होता, आणि कापडाचे जे हाल केले जात ते पाहता तो शब्द चपखल वाटतो. कॉर्नवॉलमध्ये कॅम्बोर्नजवळ टकिंगमिल नावाचे गावच आहे. आपल्याकडे शिरोडकर म्हटले की मूळ गाव शिरोडे, हे लगेच कळते. या तीन आडनावांतही मुलखाची खूण आहे. मात्र ती धंद्याच्या बोलीभाषेतील शब्दातून आलेली आहे, गावाच्या नावातून नव्हे.

मला सर्वांत अधिक विचार करायला लावले ते कालक्रमाने. टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या मालमत्तेची जी पाहणी 1185 मध्ये झाली, तीत यॉर्कशर आणि ग्लॉस्टरशरमधील कापड कुटण्याच्या पाणगिरण्यांचा उल्लेख आहे. पाणचक्कीने लाकडी हातोडे उचलले जात आणि ते कुंडातल्या कापडावर आदळत. इंग्लंडातील सामान्य लोकांची आडनावे वंशपरंपरेने स्थिरावू लागली ती मुख्यतः त्यानंतर, तेराव्या-चौदाव्या शतकांत. म्हणजे वॉकर हे नाव बापाकडून मुलाकडे जाऊ लागले तोवर अनेक ठिकाणी पायांचे काम हातोड्यांनी घेतलेले होते. 1377, 1379 आणि 1381 या वर्षी तिथे डोईपट्टी बसवली गेली. त्यांतली 1379 ची आकारणी दर्जा आणि धंदा पाहून झाली, म्हणून काही याद्यांत नावाशेजारी धंदाही लिहिलेला आढळतो. तो कुठे नावाशी जुळतो, कुठे जुळत नाही. नाव धंद्यापासून सुटू लागल्याचा तो काळ आहे.

गोव्यात असे सरळ अनुमान काढता येत नाही. चारी किंवा मडवळ या नावांत धंदा दिसतो, पण तो जातीच्या द्वारे आलेला असतो. फेरेरासारखे पोर्तुगीज आडनाव मुळात लोखंडाच्या खाणीशी किंवा भट्टीशी निगडित आहे. परंतु इथल्या अनेक घराण्यांना ते बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री किंवा धर्मपित्याकडून मिळाले, त्यामुळे त्यांचा पूर्वज लोहार होता असे त्यावरून म्हणता येत नाही. इंग्रजी वॉकरच्या बाबतीत मात्र, निदान पहिल्या पिढीपुरते, बहुधा तसे म्हणता येते.

डेव्हनमधील एक्झेटर शहरात विणकर, कापड तुडवणारे आणि कातरणारे यांच्या संघाची 1471 मध्ये बांधलेली इमारत आजही उभी आहे. संघाच्या अधिकृत नावात त्या कारागिरांना फुलर म्हटले आहे. इमारतीला मात्र लोक टकर्स हॉल म्हणतात.