सोमवारी बंद: आमच्या खाणावळीची वाटचाल

आमच्या दारात आलेलं गिऱ्हाईक सरळ आत येत नाही. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर ठेवून विचारतं, "आयज नुस्तें कितें आसा?" म्हणजे आज मासळी काय आहे. मी "बांगडे, सुंगटां" (कोळंबी) म्हटलं की दुसरा पाय आत येतो. "मोरी", म्हणजे मुशी मासा, म्हटलं तर निम्मे येतात आणि निम्मे "फाल्यां येतां", उद्या येतो, म्हणून पुढे जातात. "इसवण", म्हणजे सुरमई, म्हटलं की आधी भाव विचारतात. गोव्यात फोंड्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पाच टेबलांमध्ये उभा राहून मी गेली बारा-तेरा वर्षं रोज साडेबारापासून हेच उत्तर देतो आहे.

मी मूळचा स्वयंपाकातला नव्हे. माझा टिप्पर होता. सांगे-कुडचडेच्या बाजूने खनिज भरायचं, जेटीवर ओतायचं, परत फिरायचं. २०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि टिप्पर अंगणात उभा राहिला. हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर येत होता. चार महिन्यांनी पडेल त्या भावाला गाडी विकली, कर्जातलं जमेल तेवढं भागवलं. आई तेव्हा बँकेतल्या दोघांना डबे देत असे. ती म्हणाली, दोघांना पुरतं ते वीसजणांना पुरवायला फक्त मोठी भांडी लागतात. भांडीही मिळाली, एका बंद पडलेल्या खाणीच्या कँटीनची, वजनावर. त्या स्टीलच्या ताटांवर कंपनीची अक्षरं कोरलेली आहेत, ती अजून गेलेली नाहीत. आमचे मास्तर पहिल्याच आठवड्यात ताट उलटं करून वाचून म्हणाले, "खाण गेली आणि खाणावळ आली." खाणावळीला नाव ठेवायचं राहूनच गेलं. पाटीवर नुसतं 'भोजन' आहे.

मास्तर म्हणजे मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांच्यासोबत आणखी दोघं नेमाने येतात. एक कदंबचे, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसचे, निवृत्त ड्रायव्हर. सावंतवाडी, बेळगाव, कारवार, जिथे जिथे गाडी मुक्कामाला जायची तिथली खाणावळ त्यांच्या जिभेवर आहे. दुसरे पेटीवाले. जत्रांच्या नाटकांना साथ करून रात्रीच्या जागरणानंतर दुपारी उठतात, त्यामुळे जेवायला नेहमी शेवटी. तिघांचं एका बाबतीत एकमत आहे. दुसऱ्याच्या घरी जेवण कसंही असलं तरी छान म्हणावं, पैसे देऊन जेवलं की खरं बोलावं.

सुरुवातीला मी काउंटरवर अभिप्रायाची वही ठेवली होती. वर्षभरात तिच्यात 'छान', 'उत्तम' आणि एका लहान मुलाने काढलेला मासा, एवढंच जमलं. खरं काय ते भांडी घासायच्या मोरीपाशी कळायचं. येणारी ताटं मी स्वतः बघायला लागलो. भात उरला असेल तर हुमण, म्हणजे माशाची आमटी, कमी वाढलं. हुमण उरलं असेल तर ते बिघडलं. सोलकढीची वाटी अर्धी राहिली तर सोलं जुनी आहेत किंवा लसूण जास्त झाली. आणि तेफळं, म्हणजे तिरफळं. आमच्याकडे बांगड्याच्या हुमणात कांदा नसतो, तेफळं असतात. काळं बी टाकून नुसती टरफलं जराशी ठेचून शेवटी घालायची. इथला माणूस ती चावत नाही. बोलता बोलता बोटाने बाजूला सारतो आणि ताटाच्या कडेला ओळीने मांडून ठेवतो. बाहेरचं गिऱ्हाईक चावतं, जीभ बधिर होते आणि तक्रार येते की तुमच्या आमटीत काहीतरी कडू लाकूड आहे. दोन-चार तक्रारी आल्यावर मी आईला म्हटलं, तेफळं गाळून टाकूया. ती म्हणाली, "मग ते बांगड्याचं हुमण नव्हे, नारळाचं पाणी." तो विषय तिथेच मिटला. आता अनोळखी माणसाच्या ताटाशी मी एकदा वाकून सांगतो, ही चावू नका हां.

सोमवारी आम्ही बंद ठेवतो. त्यात धंद्याचं गणित आहे. फोंड्यात सोमवार पाळणारे इतके, की त्या दिवशी आणलेलं नुस्तं संध्याकाळी आमच्याच घरी शिजायचं. मग सोमवारी आम्ही दुसऱ्यांकडे जेवायला जायला लागलो. ड्रायव्हरभाईंची जुनी व्हॅन, आम्ही चौघं, कधी आई. पणजीची गल्लीतली कँटीनं, मडगाव, म्हापसा, एकदा काळी नदी ओलांडून कारवार, एकदा सावंतवाडी. गंमत म्हणजे मास्तर सोमवार कडक पाळतात, तरी एकदाही चुकले नाहीत. ते पातळ भाजी आणि पाव मागवतात, आमच्या ताटांचा वास घेतात, आमची तोंडं बघतात आणि परतताना सगळ्यात लांबलचक मत त्यांचंच असतं.

या दौऱ्यांचा एक नियम आहे. दुसऱ्याच्या हॉटेलात त्याच्या जेवणावर बोलायचं नाही. मडगावहून येताना बोरीचा पूल ओलांडेपर्यंत सगळे गप्प. पूल संपला की गाडीत जे सुरू होतं ते फोंडा येईस्तोवर थांबत नाही. सावंतवाडीच्या मसाल्याने मासा लपतो, असं पेटीवाले म्हणाले होते. ड्रायव्हरभाई उसळले. "मसाला भाजून केलेला आहे, त्याला हात लागतो. तुमच्याकडे नारळ वाटला की झालं काम!" अर्ध्या तासाच्या भांडणातून मला एवढंच कळलं की दोघांनाही ते जेवण आवडलेलं होतं.

पणजीतल्या एका सहा टेबलांच्या जागेने मात्र आम्हाला खरंच काही शिकवलं. तिथली किसमूर, म्हणजे सुक्या सुंगटांची कोशिंबीर, कुरकुरीत होती, आमची दुपारी दीडला मऊ पडायची. मी तिसऱ्यांदा गेलो तेव्हा आत डोकावलो. भाजलेली सुकी सुंगटां एका डब्यात, खोबरं-कांदा-मिरची दुसऱ्यात, आणि ताट भरताना चिमूटभर हे, चिमूटभर ते. आम्ही सकाळीच सगळं कालवून ठेवत होतो! एवढी साधी गोष्ट, आणि आमच्या ध्यानात आली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडेही दोन डबे.

आता वाईट हंगामाबद्दल. २०१६ साली एक टॅक्सीवाला आला. मंगेशी, म्हार्दोळ, मसाल्याच्या बागा बघून येणारे पर्यटक घेऊन येतो, डोक्यामागे कमिशन द्यायचं. मी हो म्हटलं. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत गल्लीत गाड्यांची रांग. पन्नास थाळ्यांच्या शंभर झाल्या. कमिशन कुठूनतरी निघायला हवं, म्हणून तळलेला नग बारीक झाला आणि हुमणात पाणी वाढलं. हे मी आईला सांगितलं नव्हतं. हुमण तिचं, पण शेवटचं पाणी मी ओतायचो. या तिघांना जागा मिळेना. आधी पेटीवाले यायचे बंद झाले, मग ड्रायव्हरभाई, मग मास्तर. दीड महिन्याने मी मास्तरांच्या घरी गेलो. माफी मागणार होतो, जागा राखून ठेवीन म्हणणार होतो. त्यांनी चहा दिला. म्हणाले, "गर्दी झाली ते बरंच आहे, पोरं शिकतील तुझी. पण हुमण पातळ कधीपासून झालं ते सांग." मला तारीखसुद्धा सांगता आली असती.

एप्रिलपासून कमिशन बंद केलं. पण खोटं कशाला बोलू, टिप्परचं उरलेलं कर्ज त्या पाच महिन्यांच्या पैशांतूनच फिटलं. आजही हिशेबाची जुनी वही उघडली की तो हंगाम सगळ्यात भरलेला दिसतो.

२०१८ मध्ये दोन धक्के लागोपाठ बसले. मार्चपासून खाणी पुन्हा बंद, म्हणजे २०१४ नंतर परतलेले ट्रकवाले, जे दोनदा भात मागायचे, ते गेले. आणि जुलैत बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन हे रसायन असल्याची ओरड झाली, सरकारने परराज्यातल्या मासळीची आवक काही दिवस थांबवली. दारातला प्रश्न बदलला. "नुस्तें कितें" जाऊन "नुस्तें खंयचें" आलं. मी तेव्हापासून पहाटे दुर्भाटला जायला लागलो. जुवारी नदीच्या काठावर छोट्या होड्यांतून जे उतरेल ते: काळुंद्रं, शेवटे, कधी मानशीची, म्हणजे बांधाच्या झडपेपाशी पकडलेली, सुंगटां. भाव जास्त, नग कमी आणि उद्या काय मिळेल याचा भरवसा नाही. पण "कुठलं?" म्हटल्यावर गावाचं नाव सांगता येतं. मास्तरांनी पहिल्या दिवशी काळुंद्राचे काटे बोटांनी वेचत बराच वेळ काढला आणि "हे शाळेच्या दिवसांतलं नुस्तं" एवढंच म्हणाले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही.

मासळीच्या खाणावळीची खरी परीक्षा पावसात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, म्हणजे ६१ दिवस. त्यातून सुटेपर्यंत श्रावण डोक्यावर, मग चवथ. २०२३ साली तर अधिक श्रावण आला. खरा श्रावण कुठला यावर आमच्या टेबलावर वाद. मास्तरांनी दोन्ही पाळले, ड्रायव्हरभाईंनी दोन्ही नाही, पेटीवाल्यांनी अधिकात खाल्लं आणि निजात सोडलं. माझा गल्ला तिन्ही मतांनी रिकामाच. पहिली दोन वर्षं मी या दिवसांत बर्फातलं नुस्तं आणून बघितलं. ताटं बोलत होती: तळलेला नग अर्धा खाऊन ठेवलेला.

मग आईने सूत्रं हातात घेतली. मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी तिची: सुकी सुंगटां, खारे बांगडे, सोलं, चिंचेचे गोळे. जून-जुलैत खारं आणि किसमूर, नदीचं मिळालं तर नदीचं, आणि पेज. श्रावणात सरळ शाकाहारी थाळी: मुगागाठी, अळसांद्यांचं तोंडाक, तायखिळ्याची भाजी, शुक्रवारी खतखतं, म्हणजे मिसळ भाज्यांची आमटी. कधी आळमी, म्हणजे रानअळंबी, मिळाली तर तीही, पण ती वारुळावरची, मोजून विकतात आणि भाव ऐकून पोट भरतं. मला वाटलं होतं श्रावणात माशा मारत बसू. झालं उलटं. ज्या बायका नवऱ्याबरोबर कधी खाणावळीत आल्या नव्हत्या, त्या शुक्रवारच्या खतखत्याला यायला लागल्या आणि काय घातलंय, काय राहिलंय हे मोजायला लागल्या. "काकी, सुरण घातलं नाही?" आईला असं विचारायची हिंमत एकाही पुरुषाने केली नव्हती. पुढच्या शुक्रवारी सुरण होतं.

लॉकडाउनबद्दल फार लिहित नाही. २०२० च्या मार्चअखेरीस कुलूप लावलं. कुलूप निघाल्यावर काही महिने फक्त डबे दिले. पुन्हा बँकेतले दोघे. आई म्हणाली, सुरू केलं तिथेच आलो.

आई आता चौऱ्याहत्तरची आहे. वाटप, म्हणजे वाटलेला नारळ-मसाला, दगडी रगड्यावरच करायचं हा तिचा हट्ट २०१५ पर्यंत टिकला, मग विजेचा रगडा आला. त्या दिवशी पेटीवाल्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "आज सूर अर्ध्याने वर आहे." हसून सोडून दिलं, पण आईने दगड सोडला तरी वाटपावरचा हात सोडला नव्हता. नारळ किती, मिरच्या किती, धणे किती, सगळं मुठीने. गेल्या पावसात तिचं मनगट दुखावलं आणि डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली. वाटप माझ्या बायकोने हातात घेतलं. तिने आईशेजारी बसून मूठ बघून घेतली होती, वाटीने मोजून वहीतही लिहून ठेवली होती. आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. टेबलावर ताटं नेहमीसारखी गेली. पहिले दोन दिवस कुणी काही बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी हात धुतला, पैसे दिले आणि दारात एक पाय बाहेर ठेवून थांबले.

"काकी बऱ्या आहेत ना?"

मी सांगून टाकलं. आतून बायको ऐकत होती. ती पदराला हात पुसत बाहेर आली आणि विचारलं, "मास्तर, चुकलं कुठे ते सांगा." ते म्हणाले, चुकलं काहीच नाही, तेफळं दोन जास्त आहेत. ती म्हणाली, ती मुद्दाम घातली आहेत, मला तशी आवडतात. मागून ड्रायव्हरभाई ओरडले, "काढू नकोस गो, बरीं लागतात!"

आईचं मनगट बरं झालं आहे. ती आता सकाळी येते, खुर्चीवर बसते आणि पुन्हा वाटपाला हात घालायचं नाव काढत नाही. तेफळं दोन जास्तच पडतात. मास्तर रोज जेवतात आणि ताटाच्या कडेला मांडताना ती मोठ्याने मोजतात, आतपर्यंत ऐकू जाईल अशी.