टॉप लोड कुठलं घेऊ?

"दादा, टॉप लोड घ्यायचंय. टिकंल असं सांगा की." दुरुस्तीला एखाद्या घरी गेलो की शेजारची काकू हमखास दारात येऊन हे विचारते. टॉप लोड म्हणजे वरून कापडं घालायचं वॉशिंग मशीन. पाडवा आणि दसरा जवळ आला की फोनवरही हाच प्रश्न. मी एका कंपनीचं नाव घेईन आणि विषय संपेल, अशी त्यांची अपेक्षा असते. मी आधी विचारतो, काकू, मशीन ठेवणार कुठं?

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात विजेच्या मोटारी भरायला, म्हणजे त्यांची जळालेली तार नव्यानं गुंडाळायला शिकलो आणि पुढं वॉशिंग मशीनच्या कामात आलो. माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा मशीनच्या बाहेर सापडतं. नळात सापडतं, मोरीत सापडतं, वायरिंगमध्ये नाहीतर परड्यातल्या ओलीत सापडतं. म्हणून दुकानात जायच्या आधी स्वतःचं घर बघून घ्या, असं मी कळकळीनं सांगतो. ऐन जुलैत मशीन बंद पडलं की पाच-सहा माणसांचं ओलं धुणं एका बाईच्या मनगटावर येतं. बाहेर धार लागलेली असते आणि कापडं चार-चार दिवस वाळत नाहीत. ते हाल मी घराघरांत बघतो.

पहिली गोष्ट पाण्याचा दाब. आपल्याकडं जुन्या घरावर मजला चढवायचा, वर गच्ची आणि गच्चीवर टाकी, अशी रीत आहे. मशीन ठेवायला सोयीची म्हणून वरच्या मजल्यावरची बाथरूम निवडतात. तिथं टाकीचा तळ आणि मशीनचा नळ यांच्यात कधीकधी 5-6 फूटच अंतर असतं. फुल ऑटोमॅटिक मशीनच्या इनलेट व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे पाणी आत घेणाऱ्या झडपेत, रबराचा पडदा असतो आणि तो पाण्याच्या दाबावरच नीट उघडतो-मिटतो. बऱ्याच मशीनना निदान 0.3 बार दाब लागतो. पाण्याची उंची 10 मीटर असेल तर साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे 0.3 बारसाठी टाकीतलं पाणी नळाच्या 3 मीटर, म्हणजे 10 फूट तरी वर पाहिजे. दाब कमी पडला की मशीन बारीक धारेनं भरत राहतं, ठरलेल्या वेळेत पाणी पुरं झालं नाही की एरर दाखवून थांबतं आणि घरातले म्हणतात, मशीन बिघडलं.

याची परीक्षा घरीच होते. ज्या नळाला मशीन जोडणार त्याखाली 20 लिटरची बादली ठेवा, नळ पूर्ण सोडा आणि घड्याळ बघा. दोन-अडीच मिनिटांत बादली भरली तर काळजी नाही. पाच मिनिटं लागली तर कमी दाबावर चालणारं मॉडेल मागा, टाकीखाली उंच स्टँड घाला किंवा लहान प्रेशर पंप बसवा. यातलं काहीच जमत नसेल तर मशीन खालच्या मजल्यावर आणा.

पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. नदीचं पाणी गढूळ होतं, नळाला गाळ येतो आणि व्हॉल्व्हच्या तोंडावरची बारीक जाळी तुंबते. जुलै-ऑगस्टमध्ये "मशीन पाणीच घेत नाही" म्हणून मला जे फोन येतात, त्यांतले कितीतरी या जाळीपाशी संपतात. नळ बंद करायचा, पाइप सोडवायचा, पक्कडीनं जाळी अलगद ओढायची, जुन्या ब्रशनं धुवायची आणि परत बसवायची. एवढ्यासाठी कुणी माणूस बोलावून पैसे देऊ नयेत. ज्यांच्याकडं बोअर आहे त्यांचा प्रश्न वेगळा. साबणाला फेस येत नसेल आणि बादलीला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे. तो थर टबाच्या मागच्या बाजूलाही बसतो. अशा घरी टब साफ करायचा प्रोग्रॅम दर महिन्याला लावावा आणि नळाचं पाणी मिळत असेल तर मशीन त्याच लाइनवर घ्यावं.

दुसरी गोष्ट मोरी. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पाणी बाहेर फेकायला पंप नसतो. ड्रेन मोटर फक्त झडप उघडते आणि पाणी उताराने वाहून जातं. अशा मशीनचा पाइप जमिनीलगतच राहायला हवा. तो उचलून बेसिनमध्ये किंवा उंच उंबऱ्यावरून मोरीत सोडला तर पाणी टबातच राहतं आणि कापडं पिळायची वेळ आली की मशीन अडतं. तुमच्या मोरीचं तोंड उंचावर असेल तर "यात ड्रेन पंप आहे का" हे विचारून घ्या. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर पुस्तिका उघडून दाखवायला लावा.

आता आतलं बोलू. लोक मोटारीची चौकशी करतात, मी कार्डाची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सर्किटच्या पट्टीची करतो. मशीनवर "10 वर्षं वॉरंटी" असं ठळक छापलेलं असतं, ते बहुतेक ठिकाणी फक्त मोटारीपुरतं असतं. बाकीच्या मशीनला साधारण 2 वर्षं मिळतात. मोटार सहसा जळत नाही. जातं ते इलेक्ट्रॉनिक कार्ड, आणि त्याची कारणं आपल्या हवेतच आहेत. परड्यातल्या पत्र्याखाली, न्हाणीच्या दाराशी मशीन असतं, पावसाची झड आत येते, ऊब मिळते म्हणून मुंग्या आणि झुरळं कार्डापाशी घर करतात. खालून उंदीर शिरतो आणि वायरी कुरतडतो. म्हणून दुकानात मशीन थोडं कलतं करून तळाला उंदराची जाळी आहे का ते बघा आणि कार्ड बदलायचं झालं तर किती पडेल हेही विचारा. आकडा ऐकून तुमचा निर्णय बदलू शकतो. घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, ते मी सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, कारण तिथं जिवाचा प्रश्न आहे. ओल्या फरशीवर उभं राहून पत्र्याच्या मशीनला हात लावायचा असतो.

इन्व्हर्टर मोटार, म्हणजे गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारी मोटार, घ्यावी का? घ्यावी, बजेट असेल तर. आवाज कमी होतो, वीज कमी लागते. पण बेल्ट आणि साध्या मोटारीचं मशीन कमअस्सल नाही. त्याचा कपॅसिटर गेला किंवा बेल्ट तुटला तर थोडक्यात काम होतं आणि तालुक्याच्या गावातही ते करणारा माणूस भेटतो.

मापाबद्दल सांगतो. 7 किलो म्हणजे सात किलो सुकी कापडं. चार माणसांच्या घराला 7 ते 7.5 किलो पुरतं. टब काठोकाठ भरला तर तो ज्यांवर टांगलेला असतो त्या चार सस्पेन्शन रॉडवर भार येतो, मशीन नाचायला लागतं, मग ऑइल सील झिजतं, पाणी बेअरिंगमध्ये उतरतं आणि सुकवताना विमान उडाल्यासारखा आवाज येतो. कापडं घातल्यावर वरून हात सहज आत गेला पाहिजे. वाकळ मात्र मशीनमध्ये घालू नका, कितीही मोठं असलं तरी. जुन्या लुगड्यांचे थर पाणी पितात आणि तिचं वजन एका बाजूला पडतं. तालमीत जाणारं पोरगं घरात असेल तर त्याचे लंगोट आधी बादलीत खळबळून घ्या. आखाड्याच्या मातीत तेल, हळद, ताक असतं. तो चिखल आतल्या आणि बाहेरच्या टबाच्या मधे जाऊन बसतो आणि नंतर सगळ्या घराच्या कापडांना वास येतो.

पाण्याची टंचाई असलेल्या घरांना मी सरळ सेमी ऑटोमॅटिक, म्हणजे धुवायचा आणि पिळायचा टब वेगळा असलेलं मशीन सुचवतो आणि त्यात कमीपणा मानू नये. फुल ऑटोमॅटिक टॉप लोड एका धुण्याला 100 लिटरच्या पुढं पाणी सहज घेतं. सेमीत तुम्ही बादलीनं पाणी ओतू शकता, पहिलं साबणाचं पाणी दुसऱ्या धुण्याला वापरू शकता. शिवाय त्याचा ड्रायर मिनिटाला 1300 च्या आसपास फेरे घेतो, फुल ऑटोमॅटिक टॉप लोड 700 च्या घरात. आपल्या पावसात त्या जास्तीच्या पिळण्याचा फायदा दोरीवर दिसतो. मात्र ओली कापडं एका टबातून दुसऱ्या टबात उचलावी लागतात. घरात ज्यांचे गुडघे-कंबर दुखते त्यांनाच धुणं करायचं असेल तर फुल ऑटोमॅटिकच घ्या आणि पाण्याची सोय आधी करा.

नदीकाठच्या वस्तीतल्यांना एकच विनंती. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी गाठते. 2019 आणि 2021 साली पाणी त्याच्याही कितीतरी वर गेलं होतं. मशीन शक्यतो वरच्या मजल्यावर बसवा. पुरात बुडालेलं मशीन वरून वाळलं म्हणून लगेच चालू करू नका. ते उघडून, गाळ काढून, मोटार आणि कार्ड तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

राहता राहिलं कंपनीचं नाव. एलजी, सॅमसंग, व्हर्लपूल, गोदरेज, हायर, सगळ्यांची टॉप लोड बाजारात आहेत आणि प्रत्येकाची हलकी-भारी मॉडेलं आहेत. मी काकूंना सांगतो, दोन-तीन पसंत करा आणि मग चौकशी करा की तुमच्या गावात कुणाचा माणूस येतो. शहरात राहणाऱ्याला फरक पडत नाही. गगनबावड्याला, कोल्हापूरपासून 55 किलोमीटरवर, धो-धो पावसात दुरुस्तीला कोण येणार, हे बिल करायच्या आधीच कळलं पाहिजे. तिथं आधीच ज्यांच्या घरी मशीन आहे अशा दोन घरी विचारा, खरं तेच सांगतील.

एका काकूंनी परवा फोन केला, "मी दुकानात जाऊन आलो, तो पोरगा स्टँड फुकट देतोय, घेऊ का?" चाकांचं स्टँड घेऊ नका म्हणालो. टॉप लोड चारी पायांवर, सपाट फरशीवर उभं पाहिजे. ओल असेल तर चार इंचांचा पक्का ओटा बांधा. मशीन बसवायला माणूस आला की पाणीपातळीनं (स्पिरिट लेव्हलनं) ते सरळ करून घ्या, त्याच्यासमोर थोडी कापडं घालून एक प्रोग्रॅम शेवटपर्यंत चालवा, पाणी मोरीत नीट उतरतं का ते बघा. आणि तो जायच्या आधी इनलेटची जाळी कशी काढायची ते त्याच्याकडून एकदा शिकून घ्या.