पॅरोल अधिकाऱ्यामागे माणसे किती?

एका पॅरोल अधिकाऱ्याकडे किती माणसे सोपवावीत, हा प्रश्न अमेरिकेतील राज्यांत बहुधा अंदाजपत्रकाच्या वेळी निघतो. माणसे निम्मी करायची तर अधिकारी दुप्पट नेमावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर पगार, गाड्या, निवृत्तिवेतन हे सगळेच वाढते. हा हिशेब खोटा नाही, पण माझ्या मते तो अपुरा आहे. (आपल्याकडे पॅरोलवर सुटलेला कैदी मुदत संपताच तुरुंगात परततो, तिकडे सुटकेनंतरचा काळ अटी पाळून, देखरेखीखाली काढणे म्हणजे पॅरोल.)

उरलेला खर्च कुठे दडलेला असतो, ते रँड या अमेरिकी संशोधन संस्थेसाठी जोन पीटरसिलिया आणि सुसान टर्नर यांनी केलेल्या आणि 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. 9 राज्यांतील 14 ठिकाणी काही जणांना कडक देखरेखीखाली, म्हणजे कमी माणसे सोपवलेल्या अधिकाऱ्याकडे, तर काहींना नेहमीच्या देखरेखीखाली ठेवले होते आणि ही विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली होती. वर्षभरात कडक देखरेखीखालच्या 37 टक्के लोकांना नव्या गुन्ह्यासाठी अटक झाली, इतरांपैकी 33 टक्क्यांना; म्हणजे गुन्हे काही घटले नाहीत. अटींचा भंग मात्र 65 टक्क्यांच्या नावावर लागला, इतरांत तो 38 टक्के होता. यात नवल नाही. ज्याची लघवी वरचेवर तपासली जाते त्याचे व्यसन लवकर उघडे पडते, आणि ज्याच्या प्रत्येक हजेरीची नोंद होते त्याची चुकलेली हजेरीही कागदावर येते. अशांतले बरेच जण पुन्हा गजाआड गेले आणि माणशी वार्षिक खर्च जवळजवळ दीडपट झाला.

कॅलिफोर्नियाने 2009 च्या आर्थिक संकटात वेगळी वाट धरली. तिथे एका अधिकाऱ्यामागे सुमारे 70 माणसे असत. जानेवारी 2010 पासून लागू झालेल्या कायद्याने हे प्रमाण 48 वर आणायचे ठरवले, पण त्यासाठी मुख्य भर नव्या भरतीवर नव्हता. कमी धोक्याच्या मानल्या गेलेल्या लोकांना नावापुरता पॅरोल देऊन अधिकाऱ्यांच्या यादीतूनच काढून टाकले. त्यांच्यामागचा तपासणीचा जाच संपला, आणि काम किंवा खोली शोधताना ज्याच्याकडे जाता आले असते तो अधिकारीही उरला नाही.

आकडा कमी केला म्हणजे लक्ष वाढतेच, असे धरून चालणेही मला पटत नाही. ऑगस्ट 2009 मध्ये फिलिप गॅरिडो पकडला गेला. 1991 मध्ये पळवलेल्या मुलीला त्याने घरामागच्या आवारात लपवून ठेवले होते, आणि 1999 पासून तो कॅलिफोर्नियाच्या पॅरोलवर होता. अधिकारी त्याच्या घरी जातही होते. त्यानंतरच्या चौकशी अहवालात नोंद आहे की घरातून मागच्या बाजूला गेलेल्या विजेच्या तारा उघड दिसत असूनही त्या कुठे जातात हे कोणी पाहिले नाही. आणि घरात भेटलेली लहान मुलगी भावाची आहे, हे गॅरिडोचे सांगणे पडताळले गेले नाही.

आयोवातील पोक काउंटी (काउंटी म्हणजे राज्याचा जिल्ह्यासारखा विभाग) आणि ओक्लाहोमा सिटी येथे कमी माणसांच्या प्रयोगातून पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण खरोखर घटलेले दिसले. तिथल्या अधिकाऱ्यांना धोका कसा जोखायचा आणि माणसाला उपचारांकडे कसे वळवायचे, याचे प्रशिक्षण मिळालेले होते. म्हणून मर्यादा घालणाऱ्या प्रस्तावात पगाराच्या रकमेशेजारी प्रशिक्षण आणि उपचारांची तरतूद हवी, आणि अटी मोडल्यामुळे किती जण परत जातील याचा अंदाजही हवा. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर 2011 पासून अशा बहुतेकांना राज्याच्या तुरुंगाऐवजी काउंटीच्या तुरुंगात ठेवू लागले, त्यामुळे तो खर्च मोठ्या प्रमाणात काउंट्यांच्या खात्यावर जाऊन पडला.