ज्यूरीसमोर वादीची बाजू मांडताना: माझा अनुभव

आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की १९५९ चा नानावटी खटला आठवतो. तो फौजदारी होता. कॅलिफोर्नियात दिवाणी दाव्यांनाही ज्यूरी असते, आणि अपघातात जखमी झालेल्यांची बाजू मी तिच्यापुढे मांडतो. बारापैकी नऊ जणांचं मत जुळलं की पुरे. पुरावाही ‘खोटं असण्यापेक्षा खरं असण्याची शक्यता जास्त’ एवढाच लागतो. तरी चांगले दावे हातचे जातात, कारण निकाल ठरवताना बंद खोलीत आपल्या बाजूने बोलू पाहणाऱ्या ज्यूररला, म्हणजे ज्यूरीतल्या सदस्याला, आपण मुद्देच दिलेले नसतात.

म्हणून मी तयारी शेवटाकडून करतो. आधी व्हर्डिक्ट फॉर्म, म्हणजे ज्यूरीने निकालासाठी भरायची प्रश्नावली, लिहून काढायचा. मागून धडक बसलेल्या गाडीच्या दाव्यात मुख्य प्रश्न तीन: प्रतिवादीने हलगर्जीपणा केला का, इजा होण्यात त्याचा महत्त्वाचा वाटा होता का, नुकसान किती. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं की दावा तिथेच संपतो.

खरा धोका या दुसऱ्या प्रश्नातच असतो. चाळिशी उलटलेल्या बऱ्याच जणांच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधल्या चकत्यांची झीज दिसते, आणि प्रतिवादीचा डॉक्टर नेमकं तिथेच बोट ठेवतो. ही झीज ज्यूरीला पहिल्यांदा आपल्या तोंडून कळली पाहिजे, तीही ओपनिंगमध्येच, म्हणजे सुरुवातीच्या निवेदनात. नंतर कळली तर ‘यांनी लपवलं’ हे मनात बसतं, मग पुढचा साक्षीदार कितीही चांगला असो. आधीचं दुखणं अपघाताने बळावलं असेल तर त्या वाढीव त्रासाची भरपाई मिळते, हे न्यायाधीश ज्यूरीला देतात त्या सूचनांमध्येच आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना म्हणून या क्रमाने विचारावं: अपघातापूर्वी मानदुखीची नोंद होती का, अपघातानंतर काय बदललं, आणि तो बदल निव्वळ झिजेने होतो का?

ज्यूरी निवडताना वकिलांनी कमी बोलावं. ‘वेदनेसाठी पैसे देणं काहींना पटतं, काहींना नाही. तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारायचं आणि थांबायचं. कोणी ‘पटत नाही’ म्हणालं तर आभार मानायचे, वाद घालायचा नाही. पुढे विचारायचं: हे मत जुनं आहे का? कोर्टाने सांगितलं तरी ते बाजूला ठेवणं जड जाईल का? स्पष्ट ‘हो’ नोंदवहीत आलं की त्या कारणावरून त्याला ज्यूरीतून वगळण्यासाठी हरकत घेता येते, आणि अशा हरकतींना मर्यादा नाही. विनाकारण नाकारण्याची संधी मात्र दोनच पक्षकार असतील तर प्रत्येकी सहा वेळाच. अर्धवट उत्तरावर थांबलात तर न्यायाधीश ‘निःपक्षपाती राहाल ना?’ विचारतात, तो माणूस ‘हो’ म्हणतो आणि हरकत गेलीच.

वेदनेची रक्कम ठरवायला ठरावीक मोजमाप नाही, असं न्यायाधीशांची सूचनाच सांगते. म्हणून आकडा आपण सांगायचा आणि तो कसा काढला तेही सांगायचं. रोजचा दर धरून हिशेब मांडायला इथे मुभा आहे. ‘तुम्ही या जखमी बाईच्या जागी असता तर?’ हे वाक्य मात्र कायद्याने वर्ज्य. त्याऐवजी सहकारी किंवा शेजारी बोलवावेत. दहा मिनिटांची साक्ष पुरते: पूर्वी ती नातवाला कडेवर घेऊन जिना चढायची, आता त्याला शेजारी बसवून घेते.

क्लोजिंगमध्ये, म्हणजे शेवटच्या युक्तिवादात, वादी आधी बोलतो आणि शेवटीही. तेव्हा फॉर्म पडद्यावर लावून प्रत्येक प्रश्न पुराव्यासह भरून दाखवावा. प्रत्येक प्रश्नाला तेच नऊ जण असायला हवेत असं नाही, हेही सांगावं. ज्यूरर बऱ्याचदा तिथेच अडकतात.

आत गेलेली ज्यूरी साक्षीचा भाग पुन्हा वाचून दाखवायला सांगू शकते. म्हणून डॉक्टरांचं कळीचं उत्तर एका प्रश्नात, एका सलग वाक्यात नोंदवून घ्यावं. ते दहा प्रश्नांत विखुरलेलं असेल, तर वाचून दाखवतानाही त्यातून काही हाती लागत नाही.