ओगावामाची: भाजीचा भाव न सांगणारं शेत

तोक्योत राहणाऱ्या आपल्या मंडळींचे शनिवार-रविवार फुजी, निक्को आणि कामाकुरातच संपतात. शेतीची थोडीफार आवड असेल तर एक दिवस सायतामा प्रांतातल्या ओगावामाचीसाठी राखून ठेवा. इकेबुकुरोहून तोबू तोजो लाइनने साधारण सव्वा तास लागतो. गाव तसं साधंच आहे. डोंगरांनी वेढलेलं, मधून त्सुकीगावा नदी, आणि हातकागदाची जुनी परंपरा (इथला होसोकावा कागद २०१४ साली युनेस्कोच्या यादीत गेला). आम्ही गेलो ते मात्र शिमोसातो वस्तीतलं कानेको कुटुंबाचं शेत बघायला.

योशिनोरी कानेको यांनी १९७१ साली घरच्या शेतावर रसायनांशिवाय शेती सुरू केली. त्या काळात शेजाऱ्यांनी त्यांना वेड्यातच काढलं असणार. १९७५ मध्ये त्यांनी दहा कुटुंबांशी थेट करार केला: महिन्याला २७,००० येन द्या, आम्ही तुम्हाला तांदूळ आणि भाजीपाला पुरवतो. शेतकरी आणि खाणारा यांनी मधल्या बाजाराशिवाय जोडून घ्यायचं, याला जपानीत ‘तेइकेई’ म्हणतात. ऐकायला झकास, पण दोनेक वर्षांत करार मोडला. कारण आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. दर महिन्याला ठरलेली रक्कम मोजली की माणूस टोपलीतली भाजी तोलायला लागतो, दुकानातल्या भावाशी ताडून बघतो, आणि मग कुरबुरी सुरू होतात.

यानंतर कानेकोंनी जे केलं त्यासाठीच मी एवढा प्रवास केला. त्यांनी भाव सांगणंच बंद केलं. घरचं खाऊन उरेल ते ठरावीक कुटुंबांना द्यायचं, आणि त्यांनी आपल्या मनाने ‘ओरेई’, म्हणजे आभारापोटी काहीतरी, द्यायचं. किती, ते ज्याचं त्याने ठरवायचं. थोडक्यात, भटजींची यथाशक्ती दक्षिणा, फक्त इथे भटजींच्या जागी शेतकरी. माझ्या बायकोची पहिली प्रतिक्रिया होती, “पुण्यात हे आठवडाभर तरी टिकेल का?” मलाही शंका आहे. मुंबई-पुण्यात घरपोच सेंद्रिय टोपली देणारे गट आहेत, पण तिथे भाव आधी ठरतो, आणि ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. इथे मात्र ही पद्धत वर्षानुवर्षं चालली, कारण कुटुंबं मोजकी होती आणि दोन्ही बाजू एकमेकांच्या घरी जाणाऱ्या होत्या. पाचशे गिऱ्हाइकांना हे जमायचं नाही.

आपल्या लोकांना शेतावर सगळ्यात जवळचा वाटेल तो गोबरगॅस. शेण आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा टाकीत, गॅस शेगडीला, उरलेली स्लरी शेताला. मी मुद्दाम वाकून वास घेतला. ताज्या शेणाचा उग्र दर्प जवळजवळ नाहीच, ओल्या मातीसारखा वास येतो. ट्रॅक्टर चालतो तो तळणीच्या वापरलेल्या तेलावर. आमच्या सोबतच्या एका काकांना हे पाहून गावाकडची बंद पडलेली गोबरगॅसची टाकी आठवली, आणि पुढचा अर्धा तास आम्ही शेती सोडून तीच कथा ऐकली.

कानेको २०२२ साली गेले. तोवर त्यांच्याकडे शिकून गेलेल्यांपैकी बरेचजण ओगावा परिसरातच स्थायिक झाले होते. आजूबाजूचे शेतकरी मात्र तीसेक वर्षं नुसते बघत राहिले. २००१ च्या सुमारास ते सेंद्रिय शेतीकडे वळू लागले, सुरुवात सोयाबीनपासून, कारण शेजारच्या तोकिगावामधला एक तोफूवाला सगळा माल चांगल्या भावाने आणि रोखीने उचलायला तयार झाला. पुढे घरदुरुस्तीच्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी वस्तीतला तांदूळ घ्यायला सुरुवात केली. व्याख्यानं ऐकून कुणी बदललं नाही, माल खपतोय हे दिसल्यावर बदलले. हे आपल्याकडच्या सेंद्रिय शेतीच्या शिबिरवाल्यांनी जरूर ऐकावं.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. हे राहतं घर आणि चालतं शेत आहे, तेव्हा आधी विचारून, होकार आल्यावरच जा. सगळा कारभार जपानीत, म्हणून भाषा येणारं कुणीतरी सोबत हवं, मोबाइलवरचं भाषांतर शेतीच्या शब्दांपाशी गडबडतं. स्टेशनपासून वस्ती बरीच लांब आहे. थंडीच्या दिवसांत चालत जायला मजा येते, एरवी टॅक्सी करा. जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो जाऊच नका. जवळच्याच कुमागायाला २०१८ च्या जुलैत ४१.१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. मार्चअखेरीस गेलात तर डोंगरउतारावर काताकुरीची जांभळट फुलंही दिसतील. चिखलात खराब झाले तरी चालतील असे बूट घाला. रिकाम्या हाताने जाऊ नका, आम्ही नेलेल्या चकल्या हातोहात संपल्या. शाकाहारी असाल तर डबा न्याच, कारण नुसत्या भाजीच्या रश्श्यातही माशाचा अर्क असतो. परतताना वेळ उरला तर सेइउन या साकेच्या (तांदळाच्या दारूच्या) कारखान्यात डोकवा. १९८८ पासून इथल्या सेंद्रिय तांदळाची साके ते काढतात. आणि परतीच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा, इकडच्या गाड्यांना तोक्योतल्यासारखी वर्दळ नसते.