नवगावचं बेने इस्रायल कबरस्तान: जाण्याआधी

बेने इस्रायल म्हणजे कोकणातले यहुदी. मांडव्याला लाँचने उतरून अलिबाग रस्त्यावरच्या चोंढीला यावं, तिथून रिक्षा. पावसाळ्यात लाँच बंद असतात; तेव्हा जाऊही नये, गवतात कबरी बुडालेल्या असतात आणि साप असतात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. शनिवार टाळा, तो शब्बाथ, यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस.

पूर्वजांचं गलबत फुटून सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना इथेच पुरलं, पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, अशी समाजाची परंपरा. त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ आहे. जुन्या कबरींवर मात्र अक्षर शोधू नका. कोकणातल्या या शनवार तेल्यांकडे (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून हे नाव) सुंता, शब्बाथ आणि शेमा ही प्रार्थना टिकली होती, पण हिब्रू लिहिणं-वाचणं पसरलं ते कोचीनच्या यहुदी शिक्षकांमुळे, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. त्याआधीची कबर म्हणजे नुसते दगड. त्यांवर पाय पडतो, लोक बसतातही. चालताना खाली बघा.

कोरीव लेख मराठी असेल तर प्रश्न नाही. हिब्रू साल अक्षरांत असतं, प्रत्येक अक्षराला एक संख्या असते, आणि सालातले पाच हजार बहुधा गाळलेले असतात. अक्षरांची बेरीज करून १२४० मिळवा: ताव ४००, रेश २००, नून ५०, म्हणजे ६५०, म्हणून इ.स. १८९०. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं. तिथून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला एक वजा. खाऱ्या वाऱ्याने कोपरा झिजला की दालेत (४) रेशसारखं दिसतं आणि १९६ वर्षांची चूक होते. अक्षरं सहसा मोठ्याकडून लहानाकडे लिहितात, त्यामुळे नूननंतर रेश दिसलं तर ते दालेतच समजा. १५ आणि १६ मात्र वेगळे: तिथे दहा अधिक पाच, दहा अधिक सहा असं न लिहिता नऊ अधिक सहा, नऊ अधिक सात असं लिहितात.

अक्षर उठत नसेल तर सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो घ्या, किंवा आरशाने बाजूने प्रकाश टाका. खडू, पीठ, तारेचा ब्रश अजिबात नको. चुन्याचा गिलावा एकदा सुटला की लेखच गेला. साधं पाणी, मऊ ब्रश, बस.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. किनाऱ्याच्या जमिनीला आज सोन्याचा भाव, आणि राखण करणारी घरं मात्र गावात उरलेली नाहीत. कुंपण नसलेल्या कबरस्तानाचा घात इथेच होतो. म्हणून प्रत्येक कबरीचा फोटो जागेच्या नोंदीसह काढा आणि अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनास्थळात) विचारून तिथे एक प्रत द्या.

डोकं झाकून आत जा. फुलांऐवजी कबरीवर खडा ठेवतात. बाहेर पडल्यावर हात धुवायचे असतात, तेव्हा पाण्याची बाटली बरोबर घ्या.